वजनाचा नियम

15 एप्रिल 2025ची संध्याकाळ. चंदीगडजवळच्या मुल्लनपूरच्या मैदानावर कोलकाता नाइट रायडर्सला जिंकायला अवघ्या 112 धावा हव्या होत्या आणि नऊ गडी गमावून ते 95वर अडकले होते. शेवटचा फलंदाज आन्रिख नॉर्खिये आला. पंचांनी त्याची बॅट हातात घेतली, तिला माप लावून पाहिलं. बॅट मापातून जाईना. तंबूतून रहमानुल्ला गुरबाझ दुसऱ्या बॅटी घेऊन धावत आला. खेळ थांबला.

स्ट्राइकवर आंद्रे रसेल उभा होता. आधीच्याच काही मिनिटांत त्याने युजवेंद्र चहलच्या एका षटकात 16 धावा काढल्या होत्या आणि हरलेला सामना पुन्हा उघडला होता. खेळ सुरू झाला, मार्को यान्सनने चेंडू टाकला आणि रसेलचा त्रिफळा उडाला. नॉर्खियेला नवी बॅट मिळाली, पण तिला चेंडू लागलाच नाही. पंजाबने 111 धावांचं रक्षण केलं. आयपीएलमध्ये इतकी छोटी धावसंख्या त्याआधी कुणी राखली नव्हती.

त्या रात्रीपासून ते माप माझ्या डोक्यात घर करून बसलं आहे. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे बॅटची रुंदी 108 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, जाडी 67पेक्षा जास्त नको, कड 40पेक्षा जास्त नको. मेरिलबोन क्रिकेट क्लबने जाडीची आणि कडेची मर्यादा 1 ऑक्टोबर 2017पासून लागू केली, कारण बॅटी फुगत चालल्या होत्या आणि कडेला लागलेला चेंडूही सीमेपार जाऊ लागला होता. लांबीलाही मर्यादा आहे. मर्यादा नाही ती फक्त वजनाला. बेसबॉलमध्येही तसंच आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये बॅट अखंड लाकडाची हवी, तिचा व्यास 2.61 इंचांपेक्षा जास्त नको, लांबी 42 इंचांपेक्षा जास्त नको, वजन मात्र ज्याचं त्याने ठरवायचं. दोन्ही खेळांनी वजनाची गोष्ट माणसाच्या शरीरावर सोडली. विशीतल्या फलंदाजाला हे स्वातंत्र्य वाटतं. पस्तिशीनंतर मात्र वजनाचा नियम वय लावू लागतं, आणि तो नियम कुठल्याही पंचापेक्षा कडक असतो.

कोलकात्यात एस्प्लनेडला मैदान मार्केट आहे. खेळाच्या सामानाच्या दुकानांची ती गल्ली मला या शहरातली फार आवडती जागा आहे. फुटबॉलचे बूट, मोहनबागान आणि ईस्ट बंगालच्या जर्सी, आणि मध्येच उभ्या करून ठेवलेल्या बॅटी. इथे बॅट घ्यायला आलेला माणूस आधी तिचा ग्रेन मोजतो, मग ती उचलून पाहतो. दुकानदार वजन सांगतो, पण जाणकार गिऱ्हाइकाचं त्याकडे लक्ष नसतं. त्याला तोल हवा असतो. एकाच वजनाच्या दोन बॅटी घेतल्या तरी ज्या बॅटचं लाकूड खाली, टोकाकडे जास्त आहे ती हातात जड वाटते, आणि जिचं मधल्या भागात आहे ती हलकी. इंग्लिश विलो सुकवताना त्यातलं पाणी किती काढलं, दाबताना किती दाबलं, यावर बॅट केवढी दिसेल आणि किती भरेल हे ठरतं. आजच्या जाडजूड बॅटी जुन्या बॅटींपेक्षा जड नसतात, पुष्कळदा हलक्याच असतात. क्लाइव्ह लॉइडची बॅट तीन पौंडांची होती, म्हणजे 1 किलो 360 ग्रॅमची. आजचे बहुतेक फलंदाज 1.1 ते 1.3 किलोच्या आसपास राहतात. लाकूड कोरडं, फुगीर, आणि कडा भरलेल्या.

चेंडू किती लांब जातो हे बॅटच्या वजनापेक्षा तिच्या वेगावर जास्त अवलंबून असतं. म्हणून वय वाढलेल्या फटकेबाजाची पहिली तडजोड वजनाशी होते. मनगट तेच असतं, खांदा तोच असतो, पण चेंडू दिसणं आणि बॅट खाली येणं यांच्यातलं अंतर नकळत वाढतं. ते भरून काढायला तो बॅट थोडी हलकी करतो, किंवा मूठ थोडी वर धरतो, किंवा मुठीवर आणखी एक ग्रिप चढवतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

रसेलकडे पाहताना मला नेहमी वाटायचं की त्याचं खरं साधन बॅट नाहीच. 2016च्या डिसेंबरात सिडनी थंडरकडून खेळताना तो काळी बॅट घेऊन आला होता. चेंडूवर काळे डाग पडू लागले म्हणून तिची परवानगी काढून घेण्यात आली. त्या बॅटची पुष्कळ चर्चा झाली, छायाचित्रं छापून आली. पण रसेलचा षटकार पाहिलेल्या माणसाला ठाऊक आहे की तो निघतो डाव्या गुडघ्यातून. क्रीजमध्ये खोल उभं राहायचं, डावा पाय बाजूला काढून हातांना वाट मोकळी करून द्यायची, पाया रुंद ठेवायचा आणि कमरेतून सगळं वजन चेंडूमागे लावायचं. जलद गोलंदाजाचा यॉर्कर अर्ध्या फुटाने चुकला तर तो या माणसासाठी हाफ व्हॉली होतो. यासाठी दोन धड गुडघे लागतात. 2019च्या विश्वचषकातून तो डाव्या गुडघ्याच्या दुखापतीनेच परतला. 2021मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूने दगा दिला आणि नाइट रायडर्स चेन्नईविरुद्ध अंतिम सामना त्याच्याशिवाय खेळले. बॅट बदलता येते. ज्या सांध्यावर सगळा फटका उभा आहे तो सांभाळत, त्याच्याशी बोलत बोलतच खेळावं लागतं.

हा सांभाळ मला फार आदराचा वाटतो. धावत जाऊन दोन धावा घ्यायच्या की एकावर थांबायचं, चौथं षटक टाकायचं की कर्णधाराला नाही म्हणायचं, सीमारेषेवर उडी मारायची की चेंडू जाऊ द्यायचा. प्रेक्षकाला आळस दिसतो तिथे खेळाडूच्या मनात पुढच्या षटकाराचा हिशेब चाललेला असतो.

रसेलचा जन्म 29 एप्रिल 1988चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. आपल्याकडच्या पुष्कळांच्या मनात तो पहिल्यांदा खोल रुतला तो वानखेडेवर, 31 मार्च 2016ला. विश्व ट्वेंटी-20च्या उपांत्य सामन्यात विराट कोहलीच्या गोलंदाजीवर षटकार मारून त्याने भारताला बाहेर काढलं. 20 चेंडूंत नाबाद 43. त्या रात्री मुंबईत जी शांतता पसरली ती मराठी घराघरांत पोचली होती. तीन दिवसांनी ईडन गार्डन्सवर अंतिम सामना झाला, त्यात तो एका धावेवर बाद झाला. चार चेंडूंवर चार षटकार मारून तो सामना कार्लोस ब्रेथवेटने जिंकून दिला. या एका धावेकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

कोलकात्याने त्याला 2014च्या लिलावात 60 लाखांना घेतलं होतं. त्या वर्षी नाइट रायडर्सने दुसऱ्यांदा करंडक जिंकला, तेव्हा तो संघातला बिनीचा माणूस नव्हता. 2015मध्ये तो स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. 2017 हे वर्ष उत्तेजक चाचणीच्या नियमांपायी गेलं. आपण कुठे आहोत हे वेळोवेळी कळवणं त्याने चुकवलं होतं आणि वर्षभराची बंदी भोगली. मग 2019 आलं.

त्या वर्षीच्या ईडनबद्दल मला सविस्तर लिहावंसं वाटतं. 24 मार्चला सनरायझर्स हैदराबादविरुद्ध शेवटच्या तीन षटकांत 53 धावा हव्या होत्या. रसेलने 19 चेंडूंत नाबाद 49 काढल्या आणि दोन चेंडू राखून सामना संपवला. पुढे 5 एप्रिलला बंगळुरूत पुन्हा तेच गणित, 18 चेंडूंत 53. या वेळी 13 चेंडूंत नाबाद 48 आणि पाच चेंडू बाकी. एकदा झालं तर चमत्कार म्हणून सोडून देता येतं. तेच गणित दोनदा सुटलं तेव्हा सगळ्या संघांचं गणित बदललं. प्रत्येक कर्णधार आपल्या उत्तम गोलंदाजाची षटकं रसेलसाठी राखू लागला. ती राखली म्हणून मधली षटकं दुसऱ्या गोलंदाजांना द्यावी लागली, आणि त्या षटकांत कोलकात्याच्या बाकीच्या फलंदाजांनी धावा लुटल्या. त्या धावा धावफलकावर शुभमन गिलच्या किंवा ख्रिस लिनच्या नावावर लागल्या. त्यातला काही वाटा तंबूत पॅड बांधून बसलेल्या माणसाचा होता, हे नोंदवायला धावफलकात रकाना नाही.

त्या हंगामात त्याने 249 चेंडू खेळून 510 धावा केल्या. त्यांतल्या 312 धावा 52 षटकारांच्या. 11 बळीही घेतले. पुन्हा तोच सर्वांत मौल्यवान खेळाडू. आणि तरीही कोलकाता पाचवं आलं, बाद फेरीलासुद्धा पोचलं नाही. तेव्हा त्याने जाहीरपणे सांगितलं होतं की मला आणखी वर पाठवा. 28 एप्रिलला ईडनवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्याला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं, त्याने 40 चेंडूंत नाबाद 80 केल्या, संघाने 232 केल्या आणि सामना 34 धावांनी जिंकला. दुसऱ्या बाजूला हार्दिक पंड्याने 34 चेंडूंत 91 केल्या होत्या. म्हणजे रसेलच्या त्या 80 नसत्या तर काय झालं असतं ते उघड आहे.

याच्या उलट 2024. त्याच्या धावा फक्त 222. पण 19 बळी, आणि चेन्नईतल्या अंतिम सामन्यात 19 धावांत 3. हैदराबाद 113 धावांत गारद झालं आणि कोलकात्याने तिसरा करंडक उचलला. छत्तिशीतल्या फटकेबाजाने त्या वर्षी संघाला जास्त दिलं ते चेंडूने. खेळाडूची सर्वोत्तम वर्षं आणि संघाची सर्वोत्तम वर्षं एकाच पानावर येत नाहीत, हे मला रसेलइतकं स्पष्ट कुणी दाखवलं नाही.

बेसबॉलने या प्रश्नाचं उत्तर नियमातच लिहून टाकलं. 1973मध्ये अमेरिकन लीगने पिचरच्या जागी फक्त फलंदाजी करणारा खेळाडू मान्य केला. 6 एप्रिल 1973ला रॉन ब्लूमबर्ग त्या जागेवरून पहिल्यांदा उतरला. 2022पासून हा नियम अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सर्वत्र लागू झाला. ज्याचे पाय थकले आहेत पण डोळा आणि मनगट शाबूत आहेत, अशा कित्येकांना त्यामुळे चार-पाच वर्षांचं जास्तीचं आयुष्य मिळालं. बोस्टनच्या डेव्हिड ऑर्टिझने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, 2016च्या आपल्या शेवटच्या हंगामात, 38 होमरन मारले. मैदानात क्षेत्ररक्षणाला त्याला क्वचितच उभं राहावं लागे. संघाने त्याच्याकडून एकच गोष्ट मागितली आणि ती त्याने दिली.

आयपीएलमध्ये 2023पासून इम्पॅक्ट प्लेअर आला, तो याच्या जवळपासचा. एका खेळाडूच्या जागी डावात दुसरा आणता येतो. पण क्रिकेटमध्ये फटकेबाजाला बेसबॉलसारखी ठरलेली पाळी नसते. तिथे नऊ जणांचा क्रम फिरत राहतो, ऑर्टिझची पाळी सामन्यात तीन-चारदा येणारच. इथे सातव्या क्रमांकावर बसलेल्या माणसाची पाळी येईल की नाही हे वरच्या सहा जणांवर अवलंबून. सगळं नीट चाललं तर त्याला चार चेंडू मिळतात, सगळं बिघडलं तर हरलेला सामना मिळतो. मुल्लनपूरला हेच झालं.

2025च्या हंगामात हे सगळं ज्यांच्या हातात होतं ते दोघे आपले होते. कर्णधार अजिंक्य रहाणे, मुख्य प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. दोघेही मुंबईच्या मैदानांत घडलेले. तिथे खडूस शब्दाला अभिमानाचा वास आहे आणि विकेट फेकणं हा अपराध मानला जातो. रहाणे स्वतः छत्तिशीत, लिलावात दीड कोटी या मूळ किमतीला घेतलेला, आणि त्याने त्या हंगामात 390 धावा केल्या. मुल्लनपूरच्या पराभवाची जबाबदारी त्याने आपल्या अंगावर घेतली. रहाणेबद्दल मला अतिशय आदर आहे. तरीही रसेलच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. त्या वर्षी तो सातत्याने उशिरा पाठवला गेला. 13 सामन्यांत त्याच्या वाट्याला शंभराच्या आसपासच चेंडू आले. 2019च्या निम्म्याहूनही कमी. चेंडूच मिळाले नाहीत आणि मग धावा आटल्या असा निष्कर्ष निघाला.

हे मत भावनेतून आलेलं नाही. त्याला पुरावा आहे 4 मे 2025चा. ईडनवर राजस्थान रॉयल्सविरुद्ध त्याला पाचव्या क्रमांकावर पाठवलं. सुरुवातीला तो चाचपडत होता. फिरकी गोलंदाज अंगावर होते, चेंडू बॅटच्या मध्यावर येत नव्हता, आणि आधीच्या सामन्यांसारखं त्याला घाई करण्याचं कारणही नव्हतं. तो थांबला. मग एकदा वेळ जुळली आणि त्याने 25 चेंडूंत नाबाद 57 केल्या. कोलकात्याच्या 206, राजस्थानच्या 205. एका धावेचा विजय. रियान परागने सलग सहा षटकार ठोकून सामना जवळजवळ नेला होता. सदतिशीत पाऊल टाकून पाच दिवस झालेल्या माणसाला संघाने जरा आधी पाठवलं, सुरुवातीचे चेंडू चाचपडायची मुभा दिली, आणि त्या मुभेची परतफेड अशी झाली. तरुण फटकेबाजाला पहिल्या चेंडूपासून हात मोकळे करता येतात. वय झालेल्याला डोळा बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला द्यायचा की नाही हे ठरवणं संघाचं काम आहे.

फटकेबाजाला किती जागा द्यायची, हा वाद कोलकात्याला नवा नाही. 1945मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या सामन्यातून मुश्ताक अलीला वगळलं तेव्हा कोलकात्याच्या लोकांनी निवड समितीतल्या दुलीपसिंहजींना घेरलं होतं. ‘नो मुश्ताक, नो टेस्ट’ अशा घोषणा झाल्या आणि मुश्ताक खेळला. मुश्ताक इंदूरचा, सी. के. नायडूंनी हेरलेला, पुढे सरसावून मारणारा. या शहराला मारणारा फलंदाज आपला वाटतो, मग तो कुठल्याही गावचा असो.

चाळीस वर्षांनी तीच घोषणा कपिल देवसाठी निघाली. 1984च्या डिसेंबरात दिल्लीच्या कसोटीत दोघे जण उंच फटका मारून बाद झाले. भारत हरला आणि त्या फटक्यांना बेजबाबदारपणाचं नाव मिळालं. कोलकात्याच्या कसोटीतून दोघांनाही काढलं. एक कपिल. 131 कसोटींच्या त्याच्या वाटचालीत मधे हुकलेली ती एकमेव कसोटी. दुसरा आपला संदीप पाटील. ‘नो कपिल, नो टेस्ट’चे फलक ईडनवर लागले. पाटीलसाठी फलक लागल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. कपिल पुढच्याच कसोटीला परतला. पाटील कसोटी क्रिकेटमध्ये पुन्हा कधीच दिसला नाही. अ‍ॅडलेडचा 174 करणारा, ओल्ड ट्रॅफर्डला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार मारणारा शिवाजी पार्कचा तो देखणा माणूस तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या जागी आलेल्या अझरुद्दीनने ईडनवर शतक केलं, आणि प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जुनी मंडळी भेटली की या कसोटीचा विषय निघतो तो कर्णधार गावसकरांच्या नावाने. लोकांनी त्यांची हुर्यो उडवली, पुन्हा ईडनवर खेळणार नाही असं ते म्हणाले, आणि 1987च्या पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत खरंच उतरले नाहीत. मला मात्र त्या गोष्टीत पाटील दिसत राहतो. फटकेबाजाने मारलेला फटका लागला की तो शूर, चुकला की बेजबाबदार. हाच निकष संयमी फलंदाजाला कधी लावत नाहीत. तोही चुकीच्या चेंडूवर बॅट घालून बाद होतोच.

आणि मग सौरव गांगुली. 2011च्या जानेवारीतल्या लिलावात कोलकात्याने त्याच्यासाठी बोली लावली नाही, कुणीच लावली नाही. शहरात निदर्शनं झाली. ‘नो दादा, नो केकेआर’. पुढच्या वर्षी तो पुणे वॉरियर्सचा कर्णधार म्हणून 5 मे 2012ला ईडनवर उतरला. पुण्याचा कर्णधार कोलकात्याचा, आणि कोलकात्याचं प्रेक्षागृह दुभंगलेलं. कोलकात्याने सात धावांनी सामना जिंकला आणि त्याच महिन्यात पहिला करंडकही. हिशेबाच्या वहीने संघमालकांना बरोबर ठरवलं. पण त्या संध्याकाळी घरच्या संघाविरुद्ध घसा कोरडा करणाऱ्या हजारो माणसांनाही मी चूक म्हणणार नाही. त्यांच्या वहीत वेगळी नोंद होती आणि ती खरी होती.

रसेलच्या वेळी शहराने वाद घातला नाही, कारण वादाची वेळच आली नाही. 2025च्या जुलैत सबायना पार्कवर, आपल्या घरच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने आंतरराष्ट्रीय क्रिकेट सोडलं. शेवटच्या डावात 15 चेंडूंत 36. नोव्हेंबरात नाइट रायडर्सने त्याला करारातून मोकळं केलं. 12 कोटी मोकळे झाले. दुसऱ्या संघांना तो हवा असणार होता, हे उघड होतं. पण समाजमाध्यमांवर दुसऱ्या संघांच्या जर्सीत जोडलेली आपली छायाचित्रं पाहून आपल्याला झोप लागेना, असं त्याने सांगितलं आणि 30 नोव्हेंबरला आयपीएलमधून निवृत्ती जाहीर केली. 140 सामने, 2651 धावा, 223 षटकार, 123 बळी. त्याच दिवशी त्याची नवी भूमिकाही जाहीर झाली. तो कोलकात्याचा ‘पॉवर कोच’. डिसेंबरात अबू धाबीच्या लिलावात कोलकात्याने 25 कोटी 20 लाखांना ऑस्ट्रेलियाचा कॅमेरन ग्रीन घेतला, सव्वीस वर्षांचा, मारणारा आणि गोलंदाजीही करणारा. कुणाची जागा भरली जाते आहे हे सांगायला नको.

संघाने योग्य केलं का? पैशाच्या बाजूने पाहिलं तर हो. सदतिशीतल्या गुडघ्यावर 12 कोटी लावणं कुठल्याही शहाण्या व्यवस्थापकाला जड गेलं असतं. पण त्याला जाऊ न देता आत ठेवलं, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं, आणि त्याचं कारण आहे 9 एप्रिल 2023चा अहमदाबादचा सामना.

गुजरातविरुद्ध 205 धावांचा पाठलाग चालला होता. राशिद खानने हॅटट्रिक घेतली. पहिला बळी रसेल, दुसरा सुनील नारायण, तिसरा शार्दूल ठाकूर. रसेल एका धावेवर गेला. ईडनवरच्या अंतिम सामन्यातली ती एक धाव मी मघाशी सांगितली, तशीच ही. शेवटच्या षटकात 29 हव्या होत्या. पहिल्या चेंडूवर उमेश यादवने एक धाव काढून रिंकू सिंगला स्ट्राइक दिला आणि रिंकूने उरलेल्या पाचही चेंडूंवर षटकार मारले. ती बॅट रिंकूची नव्हती. नितीश राणाची होती. राणा ती द्यायला फारसा राजी नव्हता, पण रिंकूने ती घेतली आणि मग ती त्याच्याकडेच राहिली.

रिंकू 2018पासून या संघात आहे. 2019मध्ये 18 चेंडूंत 53 दोनदा सुटताना त्याने अगदी जवळून, त्याच तंबूतून पाहिलं होतं. रसेल बाद झाला तरी अशी गणितं सुटतात हा विश्वास त्या तंबूत कुठून आला, याचं माझ्याकडे एकच उत्तर आहे. फटकेबाजाचं संघातलं मोल मोजायचं तर त्याच्या धावा मोजाव्यात, त्याच्या भीतीने दुसऱ्यांना मिळालेली सोपी षटकंही मोजावीत, आणि तो एका धावेवर परतल्यावर त्याच्या मागे कुणी काय केलं तेही मोजावं. या तिसऱ्या हिशेबाला वय लागत नाही.

पॉवर कोच म्हणजे षटकार शिकवणारा, असा अर्थ सगळे घेतील. पाया रुंद ठेव, हात मोकळे कर, यॉर्करसाठी खोल उभा राहा. ते आजच्या पोरांना बहुतेक येतंच. ते लहानपणापासून हेच पाहत आले आहेत. माझी इच्छा वेगळी आहे. रसेलने त्यांना 4 मेच्या डावाची सुरुवात शिकवावी. फिरकी चालू असताना, बॅटला चेंडू येत नसताना, प्रेक्षागृह ओरडत असताना आणि आपल्या नावाला षटकाराचीच ओळख असताना एकेक धाव घेत थांबायचं कसं. कुठली बॅट कुठल्या खेळपट्टीवर घ्यायची. गुडघा दुखतोय हे कर्णधाराला कधी सांगायचं. आणि ग्रीनला एवढंच सांगावं, की इथे सातव्या क्रमांकावर पाठवू लागले तर 2019मध्ये मी बोललो होतो तसं मोठ्याने बोल.